काठावर राहून नदीपासून दूर

दिल्लीत मयूर विहारच्या पहिल्या टप्प्यात पाहुणे म्हणून गेलात, तर यजमान तुम्हाला बाजार दाखवतील, फार तर अक्षरधामला नेतील. नदी दाखवायला कुणी नेत नाही. खरे तर यमुना तिथून हाकेच्या अंतरावर आहे. पण मध्ये उंच बांध आहे. इथे त्याला पुश्ता म्हणतात. आपल्या नाशिक-वाईसारखा घाट नाही. नदी पाहायची तर मेट्रोने इंद्रप्रस्थकडे निघावे. पुलावरून ती क्षणभर दिसते, तीही बंद काचेतून. नदी आली की गाडीच्या खिडकीतून नाणे टाकणारी आपली माणसे इथे काय करत असतील?

बाजाराच्या धावपळीत माणसाचे निसर्गाशी नाते तुटले, ही इंग्रजीतल्या रोमँटिक कवींची जुनी तक्रार. वर्ड्‌स्वर्थने १८०७ साली छापलेल्या एका सुनीतात तीच मांडली आहे. ब्लेकला तर त्याआधीच, १७९४ साली, लंडनमधली थेम्ससुद्धा सनदा-हक्कांत जखडलेली दिसली होती. हा सुनीताचा प्रकार मराठीत आणला आपल्या केशवसुतांनी. १८९२ सालचे त्यांचे पहिले सुनीत ‘मयूरासन आणि ताजमहाल’ यांवर आहे. मयूरासन दिल्लीच्या लाल किल्ल्यात होते, ताज आग्र्याला. दोन्ही यमुनेच्या काठी! शाहजहानच्या काळी नदी किल्ल्याच्या तटाला लागून वाहायची. आता तिथून रिंग रोड जातो.

पण कवींच्या त्या तक्रारीने मयूर विहारचे दुखणे पुरते कळत नाही. वर वझिराबादच्या बंधाऱ्यापाशी शहर नदीतून पिण्याचे पाणी उचलते आणि लगेच खाली नजफगढचा नाला तिच्यात सोडते. पावसाळा सोडला तर मयूर विहारपाशी वाहते ते बहुतांश शहराचेच सांडपाणी. वझिराबाद ते ओखला हे अंतर जेमतेम २२ किलोमीटर, १,३७६ किलोमीटरच्या नदीचा दोन टक्क्यांहून कमी भाग. पण तिच्या प्रदूषणाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भार इथलाच! काठावर उभे राहावेसे वाटले, तरी वास उभे राहू देत नाही.

नदीशी ज्यांचे नाते अजून टिकून आहे, ते पुश्त्याच्या पलीकडे राहतात. तिथल्या मळईला खादर म्हणतात. झोपड्या बांधून राहिलेली कुटुंबे तिथे भाजीपाला आणि रोपवाटिका करतात. पाणी किती चढले, हे त्यांना बातम्यांतून कळावे लागत नाही. मात्र २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने, पाणी दूषित म्हणून, या मळईत खाण्याची पिके घ्यायला मनाई केली. भाजी खाणाऱ्यांच्या दृष्टीने निर्णय योग्यच. पण नाले सोडले शहराने आणि शेत गेले खादरवाल्यांचे, हा हिशेब मला काही पटत नाही.

जुलै २०२३ मध्ये यमुनेने १९७८चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडून २०८.६६ मीटर गाठले. पाणी पुन्हा लाल किल्ल्याच्या भिंतीला लागले. खादर बुडाली. तिथली माणसे गुराढोरांसह मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत आली. पाणी ओसरल्यावर त्यांनी चिखलातून आपापल्या झोपडीची जागा शोधून काढली आणि पुन्हा बांबू रोवले.