गोव्याचा नकाशा, वऱ्हाडची वाट

समुद्र न पाहिलेल्या प्रदेशातील वाचकाने बेटांचा नकाशा कसा वाचावा, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. अकोटच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आणि तिच्यावर नरनाळा. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. येथे खारे पाणी विहिरीत लागते, क्षितिजावर नव्हे. अशा वाचकासमोर तांब्याच्या पत्र्यावर १५९५ साली कोरलेला गोव्याचा नकाशा आला, तर तो त्याला प्रथम चित्र म्हणूनच दिसेल. आणि त्यात काही गैर नाही. नकाशाचा उपयोग ज्याला करावयाचा नसतो, त्यालाच त्याच्या चित्रपणापाशी थांबता येते.

हा नकाशा यान हुइघेन व्हान लिन्शोटेन याने रेखला आणि बाप्तिस्ता व्हान डोटेकुम याने कोरला. १५९६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या ‘इतिनेरारियो’ या ग्रंथात तो समाविष्ट आहे. लिन्शोटेन हा व्यवसायाने नकाशाकार नव्हता, चित्रकारही नव्हता. आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका याच्या पदरचा चिटणीस म्हणून १५८३ साली, जेमतेम विशीत, तो गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. हिशेब लिहिणाऱ्याचा हात चित्रातही लपत नाही: काही सुटू नये, ही त्याची चिंता रेषेरेषेतून जाणवते.

मांडवी आणि जुवारी यांच्या मिठीतले तिसवाडी बेट, त्याच्या शेजारी दिवाडी व चोडण, नदीत नांगरलेली गलबते. मात्र खरे कुतूहल जागे होते ते शहरापाशी. बेटाच्या मानाने शहर अवाढव्य काढलेले आहे. किनारा आकाशातून पाहावा तसा सपाट दिसतो. घरांच्या भिंती आणि चर्चचे मनोरे मात्र जवळच्या टेकाडावर उभे राहून तिरपे पाहावेत तसे. एकाच कागदावर दोन दृष्टिकेंद्रे नांदतात. कादंबरीचा अभ्यासक येथे सर्वसाक्षी निवेदक आणि पात्रबद्ध निवेदक यांच्या संकराची आठवण काढील, आणि ते अप्रस्तुत ठरणार नाही. किनारा खलाशांकडून ऐकून, पाहून, मोजून मिळू शकतो. गल्ली मात्र चालल्याशिवाय कळत नाही. शहराला मिळालेले अवास्तव आकारमान हा मापनातला दोष म्हणून सोडून देणे सोपे आहे. ते पाच वर्षांच्या वास्तव्याचे माप आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य.

जे. बी. हार्ली यांनी १९८९ साली नकाशाच्या विरचनाचा आग्रह धरल्यापासून नकाशा म्हणजे सत्तेची संहिता, हे सूत्र आपल्याकडील चर्चेतही रुळले. ते खोटे नाही. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकाच्या मध्यास पाडले गेले. देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. १५९५ च्या नकाशातील दिवाडी हे सांगू शकत नाही. जे पुसले गेले त्याची जागा नकाशात रिकामीसुद्धा राहत नाही; ती भरलेली असते.

पण सूत्र लावून मोकळे होणाऱ्यांना एक विचारले पाहिजे: सत्ता कोणाची? पोर्तुगीजांच्या चाकरीत मिळवलेले सागरी मार्गांचे ज्ञान लिन्शोटेनने डच भाषेत छापून टाकले. १५९५ साली पूर्वेकडे निघालेल्या हौटमनच्या ताफ्यापाशी ही माहिती होती. पुढे सतराव्या शतकात डच आरमाराने गोव्याचीच नाकेबंदी केली. म्हणजे ज्या शहराची गल्ली न् गल्ली एवढ्या निगुतीने काढली, त्याच्या शत्रूच्या हाती ती ठेवली. जिव्हाळा आणि दगा एकाच रेषेत असू शकतात. एकाने दुसरा खोटा ठरत नाही. मराठी समीक्षेला हे अवघड जाते, कारण ती लेखकाची नियत आधी ठरवते आणि मग कलाकृती पाहते.

त्याच काळी गोव्यात आणखी एक परका होता. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्येच तेथे पोचला होता. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १५८३ च्या अखेरीस होर्मुझहून कैद करून आणलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांची जामिनावर सुटका होण्यास या स्टीफन्सचे साहाय्य झाले, आणि ही हकिकत लिन्शोटेननेही आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. एकाच नगरात एक परदेशी घरे मोजत होता, दुसरा ओवी शिकत होता. लिन्शोटेनच्या नकाशाला रस्ते दिसतात, बोली ऐकू येत नाही. स्टीफन्सच्या पुराणात देशी छंद घुमतो, आणि तोही धर्मांतराच्या कामासाठीच. दोघांपैकी निष्पाप कोण, याचा निवाडा करण्याची घाई नसावी.

सुटलेल्या कैद्यांत राल्फ फिच होता. १५८४ च्या एप्रिलमध्ये तो गोव्यातून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडा करीत बऱ्हाणपूरकडे गेला. त्याच्या वृत्तान्तातले ‘बेलापूर’ म्हणजे अकोला जिल्ह्यातील बाळापूर, असे अभ्यासक मानतात. ‘इतिनेरारियो’ छापून झाला त्याच १५९६ साली अहमदनगरच्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेले, आणि ‘आईन-इ-अकबरी’त नरनाळा हे एक सरकार म्हणून महसुलाच्या आकड्यांनिशी नोंदले गेले. गोव्याला रेषा मिळाली, नरनाळ्याला आकडा. आणि बाळापूरच्या वाट्याला आले एका पळालेल्या व्यापाऱ्याच्या प्रवासातले, चुकीच्या उच्चाराचे एक नाव.