खडेमीठ

जुन्या हुबळीतील घरांत मिठाला एक प्रतिष्ठा होती. हुबळीचा धारवाड जिल्हा 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात मोडत असे. त्या काळापासून आमच्या गल्लीत जे मीठ येई ते गोकर्णाजवळच्या साणीकट्ट्याच्या मिठागरांतले, अरबैलचा घाट चढून यल्लापूरच्या रानातून आलेले, किंचित मातकट, हाताला ओलसर लागणारे जाडे मीठ. त्याच किनाऱ्यावर, अंकोल्यास, 13 एप्रिल 1930 रोजी लोकांनी सरकारचा मिठाचा कायदा मोडला होता. आणि आमच्या आजोबांच्या पिढीला जमिनीवर सांडलेला मिठाचा खडा उचलून ठेवावासा वाटे, त्यामागे धर्मसमजुतीइतकीच त्या दिवसांची स्मृतीही असावी असे मला वाटते.

स्वयंपाकघराबाहेर या मिठाला दोन कामे होती. परसात विहिरीपासून न्हाणीपर्यंत शहाबादी फरशीची वाट होती. आषाढ-श्रावणात तिच्यावर शेवाळ धरे, आणि घागर घेऊन येणाऱ्या बाईमाणसाचा पाय केव्हा घसरेल याचा नेम नसे. म्हणून आजी आधी खराट्याने फरशी खरवडून घेई आणि मगच तिच्यावर मूठ-मूठ मीठ पसरून रात्रभर तसेच ठेवी. तुळशीवृंदावनाच्या बाजूस मात्र ती एक कण जाऊ देत नसे. तिकडे गोणपाटाची दुमडलेली कड आडवी घातलेली असे.

दुसरे काम वैशाखातले, आइस्क्रीमचे. समुद्रसपाटीपासून सुमारे 640 मीटर उंचीच्या आमच्या गावात दहिवर पडते, हिम कधीच पडत नाही. त्यामुळे बर्फ ही विकत आणण्याची वस्तू, आणि ती कारखान्यातून लाकडाच्या भुशात लोळवलेल्या, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीच्या रूपाने सायकलवरून येई. बत्त्याने ती फोडून लाकडी पिंपात एक थर बर्फाचा, एक थर मिठाचा असे रचायचे, मधल्या डब्यात आटीव दूध आणि आमरस घालायचा, आणि दांडा फिरवीत बसायचे. बर्फाच्या चतुर्थांशाहून अधिक मीठ घालू नये असा आजोबांचा हुकूम होता. पिंपाच्या भोकातून गळणारे खारे पाणी बोटाला बर्फापेक्षाही थंड लागे. मीठ बर्फाला वितळवते आणि त्या वितळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढून घेतली जाते, म्हणून बाहेर पाणी होते आणि आत दूध गोठते, हे मर्म पुढे शाळेत पदार्थविज्ञानाच्या तासाला उमगले. ते पाणी आजी विहिरीच्या आसपास कधीच ओतू देत नसे.

आयुष्याचा बहुतेक भाग त्यानंतर कचेरीच्या दफ्तरांत गेला आणि खडेमीठ घरातूनही हद्दपार झाले. पिशवीतील पांढऱ्याशुभ्र भुकटीने त्याची जागा घेतली. ते मला पुन्हा भेटले ते अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात, डेन्व्हरच्या पश्चिमेस रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या गोल्डन या गावी, मुलाच्या गाडीघरात ठेवलेल्या एका पोत्यात.

त्या गावी घरासमोर रस्त्यापासून गाडीघरापर्यंत जी उतरती वाट असते, ती हिमवर्षावानंतर मोकळी करणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य मानले जाते. शेजारच्या डेन्व्हर शहरात तर हिम थांबल्यापासून 24 तासांच्या आत घरापुढचा पदपथ साफ झालाच पाहिजे असा कायदा आहे. आमच्या घरी फावडे मुलाकडे आणि मीठ माझ्याकडे अशी वाटणी झाली, कारण गारठ्यात ओले हिम उचलण्याचा ताण हृदयावर पडतो आणि तो वयस्कांना सोसत नाही. या कामालाही पद्धत आहे. पायांनी तुडवलेले हिम फरशीला घट्ट चिकटते, म्हणून त्यावर चालण्यापूर्वीच ते काढायचे. उचलण्याऐवजी शक्यतो ढकलायचे. आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले असता उजव्या हाताला टाकायचे, कारण हिम लोटणारे सरकारी वाहन डावीकडून येते आणि त्या बाजूस रचलेला ढीग पुन्हा आपल्याच दारात आणून सोडते. दक्षिणेकडे उतार असलेल्या वाटा पर्वतावरच्या प्रखर उन्हाने दुपारपर्यंत आपोआप सुकतात. आमची वाट उत्तरेकडची. दिवसा तिच्यावर पाणी होई, रात्री त्याचाच डोळ्यांना न दिसणारा पातळ काचेरी थर बने, आणि त्या थरावर हिमापेक्षाही अधिक माणसे पडतात.

पहिल्याच सकाळी मी पोत्यात हात घातला, तेव्हा सून म्हणाली, “बाबा, आधी सगळं खरवडून होऊ दे. हिमावर टाकलेलं मीठ फुकट जातं.” खराटा आधी आणि मीठ मागून, हा आजीचाच क्रम होता, आणि तो मला भूगोलाच्या दुसऱ्या टोकाला एका तरुण मुलीच्या तोंडून ऐकायला मिळाला याचा मला फार आनंद झाला. साध्या मिठाचा अंमलही तेथे नेहमीच चालत नाही. शून्याखाली नऊ-दहा अंशांपलीकडे ते जवळजवळ निरुपयोगी ठरते. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरावे लागते, किंवा बर्फ तसाच ठेवून पाय रोवता यावा म्हणून नुसती भरड वाळू पसरतात.

परंतु माझे मन गुंतले ते त्या वाटेवरून वितळून जाणाऱ्या पाण्यात. गोल्डनमधून क्लिअर क्रीक नावाचा ओढा वाहतो. गावाला पिण्याचे पाणी त्याचेच, आणि पुढे ते साउथ प्लॅट नदीस मिळते. अमेरिकेत दरसाल सुमारे 2 कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते असे सांगतात. बर्फ नाहीसा होतो. मीठ कोठेही जात नाही, ते मातीत, ओढ्यात आणि विहिरीत उतरते. एका चमच्याएवढे मीठ सुमारे 19 लिटर गोडे पाणी जलचरांना अपायकारक करण्यास पुरे होते. तरीही कित्येक दारांसमोर मी ते पेरल्यासारखे ओतलेले पाहिले आहे, आणि हा अपव्यय मला अक्षम्य वाटतो. वीस फूट वाटेला कॉफीचा एक मोठा पेलाभर मीठ पुरते.

आपल्याकडची पुष्कळ मुले आज अशाच थंड, डोंगराळ मुलखांत संसार करीत आहेत. हिवाळ्यात त्यांच्याकडे जाणाऱ्या आईवडिलांस माझी विनंती आहे की, वाट सुकल्यावर फरशीवर जे खडे कोरडे पडून राहतात ते आपण केरसुणीने गोळा करून पुन्हा पोत्यात भरावेत. पुढच्या हिमाला ते तितकेच उपयोगी पडतात.