ज्वालामुखीची काळी माती

ज्वालामुखीचा चिखल पाहावयास दूरदेशी जावे लागते, असे आपण मानतो. निपाणीहून स्तवनिधीच्या घाटापर्यंतची अर्ध्या दिवसाची फेरी हा समज दूर करते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला; त्याचा काळा पाषाण झिजून पावसात पायांना बिलगणारी ही माती झाली. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आलेली तंबाखू येथे अशी रुजली, की विडीच्या तंबाखूसाठी निपाणीचे नाव सर्वदूर झाले. घाटावरून हे शिवार उद्यानासारखे भासते. परंतु माती उत्तम असली, तरी भाव उत्तम मिळतोच असे नाही. रास्त दरासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ याच महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांतील काही मृत्युमुखी पडले. परतताना प्रवाशाने तेथे क्षणभर थांबावे.