तीर्थनच्या काठी माशी आणि मासा

कुलू-मनालीला जाऊन आलेल्या मंडळींकडून बर्फाच्या, सफरचंदांच्या आणि गरम पाण्याच्या कुंडांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. पण त्याच वाटेवर, मंडी शहर मागे टाकले की औट नावाचे गाव लागते आणि तिथल्या लांब बोगद्याच्या अलीकडे एक रस्ता बंजारकडे फुटतो. बहुतेक गाड्या सरळ मनालीला जातात. आम्ही मात्र त्या फाट्याने वळलो. लारजी गावापाशी तीर्थन आणि सैंज या दोन नद्या बियासला येऊन मिळतात. तेथून तीर्थनचा हात धरून वर चढत गेले की बंजार येते आणि आणखी दहाएक किलोमीटरवर गुशैणी.

एप्रिलची द्राक्षांची खरड छाटणी उरकली होती, मुलांच्या शाळेला सुट्टी लागली होती. मामंजी, सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले, असे सहाजण निघालो. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांनी एकदम घर सोडणे किती अवघड असते, हे वाचकांना सांगायला नको. गोठ्याची व्यवस्था शेजारच्या जाऊबाईंनी पत्करली म्हणून जमले.

उतरलो ते एका शेतकऱ्याच्याच घरी. दगड आणि देवदाराचे लाकूड यांचे एकाआड एक थर रचून बांधलेले जुने घर, पुढे सफरचंद आणि अक्रोडाची झाडे, मागे मक्याची आणि राजम्याची लहान लहान पायऱ्यांची शेते. डोंगराच्या पाण्याला चर काढून ते शेतात फिरवतात. त्याला तिकडे ‘कूहल’ म्हणतात. मामंजींनी पाहिले आणि म्हणाले, “हा तर आपला पाट!” साक्री-धुळ्याकडे पांझरेच्या काठी बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटतात, त्याची त्यांना आठवण झाली. घराच्या खाली त्याच पाण्यावर चालणारी पिठाची पाणचक्की होती, तिला ‘घराट’ म्हणतात. सासूबाई अर्धा तास तिच्यापाशी बसून होत्या. वीज नाही, तेल नाही, आणि जाते आपले फिरते आहे!

या खोऱ्याची खरी ख्याती मात्र ट्राउट माशाची. हा मासा मूळचा इथला नव्हे. इंग्रज साहेबांना आपल्या देशातल्या मासेमारीची हौस इथेही भागवायची होती. 1899 साली काश्मीरसाठी विलायतेहून ट्राउटची अंडी आणवली, ती वाटेतच मेली. 1900 साली स्कॉटलंडहून पुन्हा आणली, ती जगली. काश्मीरची अंडी पुढे 1909 मध्ये कुलूला आली. हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने कटराईंजवळ महिली येथे ती उबवण्याची सोय केली आणि बियासच्या खोऱ्यातल्या थंड नद्यांत पिले सोडली. तपकिरी अंगावर काळे आणि तांबडे ठिपके असलेला हा मासा तेव्हापासून इथलाच होऊन राहिला आहे.

आता हा मासा पकडण्याची रीत ऐका. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. इथे लावतात माशी, आणि तीही खोटी! घरमालकाच्या मुलाकडे एक पत्र्याची डबी होती. तीत बारीक गळ, रेशमी दोरा आणि कोंबड्याच्या मानेची पिसे. गळाच्या दांडीवर पीस गुंडाळून दोऱ्याने असे बांधायचे की पाण्यावर पडल्यावर वाटावे, आत्ताच एखादा किडा येऊन बसला आहे. माझ्या मुलीला हे बांधकाम फार आवडले. तिने दोन दिवसांत चार माश्या बांधल्या. त्यांतली एक तर आम्हाला झुरळासारखी दिसत होती.

ही माशी वजनाने इतकी हलकी की हाताने फेकली तर दोन हातही जाणार नाही. म्हणून वजन दोरीला असते. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे, मग पुढे आणायची. दोरी हवेतून उलगडत जाते आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. जोर लावणाऱ्याला हे साधत नाही. आमच्या ह्यांनी जोर लावला आणि दोरी मागच्या विलोच्या झाडात अडकली. मुलाला मात्र मामंजींनी एका वाक्यात शिकवले: “आसूड ओढताना कसा मागे पुरा जाऊ देतोस, तसा जाऊ दे.” तासाभरात त्याची दोरी सरळ पडू लागली.

मामंजींनी स्वतः काठी हातात घेतली नाही. ते गेली तीस वर्षे माळकरी आहेत. लहानपणी मात्र आमच्या गावच्या नदीवर त्यांच्याएवढा मासे धरणारा दुसरा नव्हता, असे म्हातारी माणसे अजून सांगतात. मरळ कुठे बसते, वाम कोणत्या दगडाखाली शिरते, शिंगटा कोणत्या वेळी लागतो, हे त्यांना ठाऊक. माळ घातल्यावर ते सारे त्यांनी सोडले. तिथे पहिल्या दिवशी मुलाने विचारले, “दादा, पकडलेला मासा तुम्ही खाता का?” तो म्हणाला, “बहुतेकदा परत सोडतो.” त्यावर मामंजी चटकन बोलले, “खायचा नाही, तर छळायचा कशाला? भुकेपोटी मारणे मला समजते. हा खेळ मला समजत नाही.”

तो मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, “बाबूजी, उद्या सकाळी माझ्याबरोबर नदीवर चला. नुसते बसा.”

मे महिन्यात नदीवर सकाळीच जावे लागते. दिवसा ऊन चढले की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारपर्यंत पाणी वाढून गढूळ होते. सकाळी मात्र तळाचा गोटा न् गोटा दिसतो. आम्ही पोचलो तेव्हा गारठा होता. त्या मुलाने पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. दगडाच्या पाठीला चपटे, तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले होते. दुसऱ्या दगडाला वाळूच्या कणांची आणि काडीकचऱ्याची इवलीशी नळी होती, तिच्यात एक अळी घर करून राहिली होती. तो म्हणाला, “हे किडे थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातच वाढतात. त्यांच्यावर ट्राउट जगतो. पाणी वीस अंशांच्या वर तापले, घाण झाले, की आधी किडे जातात, मग मासा जातो. आम्हाला नदी तपासायला यंत्र लागत नाही.”

मामंजी तो दगड हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. आमच्या नदीतला दगड उलटला तर काळा चिखल हाताला लागतो आणि त्याचा वास दिवसभर जात नाही. वरच्या अंगाला एक कारखाना आहे, त्याचे पाणी येते. खालच्या अंगाला वाळूसाठी डोह खणून काढले. मरळ, वाम ही नावे आमच्या मुलांना आजोबांच्या तोंडूनच कळली आहेत.

मग एक गंमत झाली. मुलगा माशी फेकत होता, मासा काही येत नव्हता. मामंजी काठावरून म्हणाले, “अरे, पाणी त्या मोठ्या धोंड्याला आपटून मागे वळते ना, तिथे बघ. धारेत कोण उभा राहील दिवसभर? तो धोंड्याच्या आडोशाला असणार, तोंड वरच्या बाजूला करून. आणि तू खालून जा, सावली पडू देऊ नको.” घरमालकाचा मुलगा हसून म्हणाला, “बाबूजी, हे शिकवायला मी पर्यटकांकडून पैसे घेतो!” तिसऱ्या फेकीला पाणी फुटले आणि काठी वाकली.

मासा वीतभराहून थोडा मोठा होता. हिमाचलात चाळीस सेंटिमीटरपेक्षा लहान ट्राउट ठेवता येत नाही, त्यामुळे तो सोडावाच लागणार होता. त्या मुलाने आधी स्वतःचे हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने धरले तर माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि पुढे त्याला रोग होतो. गळालाही काटा नव्हता, तो अलगद सुटला. माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याने त्याला पाण्यात धरले. कल्ले दोन-चार वेळा हलले आणि मासा निघून गेला.

चहा पिताना त्याने मामंजींच्या प्रश्नाचे उत्तर दिले. या शतकाच्या पहिल्या दशकात तीर्थन आणि तिच्या ओढ्यांवर नऊ लहान वीजप्रकल्प येणार होते. पाणी नळांत आणि बोगद्यांत गेले असते आणि मधली नदी कोरडी पडली असती. घराट थांबले असते, कूहल आटल्या असत्या. बंजारचे माजी आमदार दिले राम शबाब आणि खोऱ्यातली माणसे त्याविरुद्ध उभी राहिली, प्रकरण न्यायालयात गेले आणि ते प्रकल्प रद्द झाले. “आम्ही नुसती नदी सुंदर आहे म्हटले असते, तर कोणी ऐकले नसते,” तो म्हणाला. “या माशासाठी लोक येतात, घरोघरी चार पैसे मिळतात, हे दाखवता आले. तुम्हाला हा खेळ वाटतो, बाबूजी, पण या खेळाने नदी राखायला मदत केली.”

मामंजींनी ऐकून घेतले, पण ते सहज हार मानणारे नव्हेत. “आमच्या मोटारी विजेवर चालतात,” ते म्हणाले. “वीज नको असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? शेजारच्या सैंज खोऱ्यात मोठे प्रकल्प झालेच ना? त्यांची नदी गेली, तेव्हा तुमची राहिली.” तो मुलगाही प्रामाणिक. म्हणाला, “खरे आहे. म्हणून जी राहिली, ती तरी नीट राखायची.” आणखी एक गोष्टही त्याने लपवली नाही. इथला मूळचा मासा निराळाच. त्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण तो आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला. परक्या ट्राउटपुढे आणि बदललेल्या नद्यांपुढे त्याची संख्या घटली आहे आणि आता त्याचे नाव धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

परतताना आम्ही एका शेतकऱ्याचे ट्राउटचे हौद पाहिले. सिमेंटचे लांबट हौद, एका तोंडाने ओढ्याचे पाणी आत येते, दुसऱ्याने बाहेर जाते. यात वाढवतात तो दुसरा, इंद्रधनुषी ट्राउट. पतलीकूहलच्या सरकारी केंद्रात नॉर्वेच्या मदतीने त्याची पैदास सुरू झाली आणि तेथून बीज शेतकऱ्यांकडे गेले. विकण्याजोगा व्हायला त्याला वर्ष-सव्वा वर्ष लागते. खाद्य महाग, पाणी घटकाभर बंद पडले तरी मासे गुदमरतात, आणि पुराचे भय कायमचे. जुलै 2023 मध्ये बियासला आलेल्या पुराने कुलू-मंडीचे रस्ते आणि घरे वाहून नेली, ते वाचकांना आठवत असेल. जोडधंदा कुठलाही असो, तो दुरून सोपा दिसतो.

आपल्या उष्ण मुलखात ट्राउट जगायचा नाही, तेव्हा त्याचे बीज आणण्याचा विचारही कोणी करू नये. पण राखण्याजोगे आपल्याकडेही आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून खवल्या मासे राखले आहेत. त्यांना कोणी गळ लावत नाही, उलट खाऊ घालतात. तिथे श्रद्धेने राखले, तीर्थनला मिळकतीने आणि कायद्याने राखले. मामंजींना पहिली रीत जवळची वाटते, माझ्या मुलाला दुसरी. घरी यावर अजून वाद चालतो.

पण गावी आल्यावर एक गोष्ट झाली. मामंजींनी ग्रामसभेत दोन मागण्या मांडल्या. देवळाखालचा डोह वाळूसाठी खणू नये, आणि पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा तिथे जाळे लावू नये. कारखान्याच्या पाण्याबद्दलही अर्ज गेला आहे. डोहाचा ठराव मंजूर झाला. तो पाळला जातो का, ते पुढच्या पावसाळ्यात दिसेल.

कोणाला तीर्थनला जायचे असेल तर चंदीगडहून मंडीमार्गे औटपर्यंत बस मिळते, पुढे बंजारची. ट्राउटचा हंगाम 1 मार्च ते 31 ऑक्टोबर. थंडीत मासे अंडी घालतात म्हणून तेव्हा बंदी असते. मत्स्य विभागाचा परवाना घेतल्याशिवाय काठी पाण्यात घालू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचे आणि पुराचे भय असते, ते दिवस टाळावेत. मे महिन्यातही लोकरीचे कपडे न्यावेत. पाणी बर्फाचे आणि धोंडे निसरडे, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये. आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस लहानपणी नदीवर वाढलेले असेल, तर त्याला बरोबर जरूर न्यावे.