पुडी आठवड्याची होती

भगिनींनो, जिचा सारा जन्म शेतात गेला, तिला कोणी "तुम्हांला ऊन कमी पडते" असे सांगितले तर तिने काय करावे? मी तर डॉक्टरांसमोर हसलेच. पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. कंबर-मांड्या ठणकत, खाली बसले की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवेना. रक्त तपासले तर ड जीवनसत्त्व अगदीच कमी निघाले.

डॉक्टरांनी विचारले, "खुरपायला जाताना अंगावर काय घालता?" आता तुम्हीच सांगा, आपण काय घालतो? लुगड्यावर मालकांचा जुना लांब बाह्यांचा सदरा आणि डोक्या-तोंडाला फडके. उघडे राहतात ते डोळे! ऊन कातडीला लागले तरच हे जीवनसत्त्व अंगात तयार होते, आणि वय वाढले की कातडीचे ते काम मंदावते. त्यात पाळी गेल्यावर हाडे भराभर विरळ होतात. नाचणी, तीळ, दूध कितीही घ्या, ड कमी असेल तर त्यातले कॅल्शियम आतड्यातून अंगात नीट येत नाही.

त्यांनी 60,000 युनिटांची पुडी दिली. आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे. सांगितल्याप्रमाणे घेतली आणि दोन-तीन महिन्यांत उठबस सुधारली.

थोरल्या जाऊबाईंचे गुडघे दुखत. मी रिकामी पुडी त्यांच्या हाती दिली नि म्हणाले, "हीच मागवा, मला गुण आला." आठवड्याची आहे हे सांगितले की नाही, ते आजही मला आठवत नाही. त्यांनी रोज एक घेतली, अडीच महिने. दुकानदारानेही चिठ्ठी मागितली नाही.

आधी तहान वाढली. आम्ही म्हटले, उन्हाळा आहे. मग अन्न नकोसे झाले, उलट्या, शौचास खडा. एका सकाळी गोठ्यात उभ्या राहून त्यांना गाईचे नाव आठवेना, तेव्हा आमचे धाबे दणाणले. तालुक्याला नेले. रक्तात कॅल्शियम फार चढले होते, मूत्रपिंडांनाही त्रास झाला होता. सलाईन लावले, पुड्या बंद केल्या. पण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, लगेच निघून जात नाही. त्या ताळ्यावर यायला तीन महिने लागले. गुडघे तर झिजलेले होते, ते पुडीने भरून येणारे नव्हतेच.

"ही कोणी सांगितली?" डॉक्टरांनी विचारले. जाऊबाई म्हणाल्या, "माझी मीच आणली." मी शेजारीच उभी होते.

नंतर डॉक्टरांनी एक माहिती दिली. अमेरिकेत पाळी गेलेल्या 36,000 वर बायकांवर सात वर्षे प्रयोग झाला. निम्म्यांना रोज 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड ची 400 युनिटे दिली. 2006 साली निकाल आला. खुब्याचे हाड थोडे घट्ट झाले, पण ते मोडण्याचे प्रमाण खात्रीने कमी झाले असे दिसले नाही, मुतखडे मात्र वाढले. म्हणजे ज्याला कमी आहे त्याने घ्यावे, तेही मोजून. शेजारणीला गुण आला म्हणून नव्हे.

आता आम्ही दोघी अकराच्या सुमाराला बाह्या वर सारून ओट्यावर शेंगा फोडत बसतो. काचेआडचे ऊन यासाठी उपयोगाचे नाही, उघडेच लागते. जाऊबाईंनी मला आजवर बोल लावलेला नाही. फक्त घरात कुठलेही औषध आले की त्या माझ्याकडे बघून विचारतात, "काय गं, रोजची की आठवड्याची?"