एकदाच फुलणारी कारवी

नगर जिल्हा म्हटला की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे उभी राहतात. शिर्डीची गर्दी, प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस, साखर कारखान्यांची धुराडी आणि पाथर्डी-जामखेडकडचा दुष्काळ. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण हे चित्र काही बदलले नाही. ते खोटे नाही. अर्धे मात्र आहे. उरलेले अर्धे पाहायचे तर संगमनेर मागे टाकावे, अकोले गाठावे (विदर्भातले अकोला निराळे!) आणि राजूरच्या बाजारपेठेतून सरळ डोंगरात शिरावे.

इथे सह्याद्री आपला सगळा थाट मांडून बसला आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटरचे, ते इथेच. प्रवरा उगम पावते तो रतनगड इथला. तिला अडवणारे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. दक्षिणेला हरिश्चंद्रगड आणि त्याचा तो छाती दडपून टाकणारा कोकणकडा. आषाढ-श्रावणात घाटघरच्या बाजूला असा पाऊस कोसळतो की याच जिल्ह्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, हे सांगूनही खरे वाटू नये. या डोंगराळ मुलखाचे १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले.

प्रवासी इथे कडे पाहायला येतात, धबधबे पाहायला येतात, अलीकडे काजवे पाहायलाही येतात. वाटेत दोन्ही अंगांनी एक झुडूप दाटीने उभे असते, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. घसरण आली की त्याचाच बुंधा धरून माणूस वर चढतो आणि वर पोचल्यावर त्याला विसरून जातो. ही कारवी.

दिसायला कारवीत काही विशेष नाही. सरळ वाढणाऱ्या, पेरापेरांच्या काठ्या. समोरासमोर जोडीने येणारी, कडा दातेरी असलेली मोठी खरखरीत पाने. उंची पुरुषभर, कधी दोन पुरुष. पण उतारावर ती एकटी कधीच नसते. सगळा उतारच तिचा असतो. पावसाच्या माऱ्यात तिथली माती जागेवर राहते ती पुष्कळशी तिच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांनी तिच्या काठ्यांचे कुड उभारले, वरून शेणमाती लिंपली, आणि त्या भिंतींच्या आड पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढले.

शहरी वाचकाला कारवी परकी वाटेल, पण तिचे नातेवाईक त्याच्या घरात आहेत. खोकल्यावरचा अडुळसा तिच्याच कुलातला. कुंपणाची कोरांटी तिच्या कुलातली. गजऱ्यातली अबोलीसुद्धा तिच्याच घराण्यातली. अबोलीची वाळलेली बोंडे पाण्यात टाकली की फटकन फुटतात, हा खेळ पुष्कळ मुलांनी खेळलेला असतो. बी दूर भिरकावणारा जो बारीक आकडा त्या बोंडात असतो, तोच कारवीच्या बोंडातही असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ नाते जोडतात ते अशा खुणांवरून.

कुल म्हणजे घराणे, प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे ज्याचे त्याचे नाव, असे धरले तर कारवीच्या आडनावाची कथा मोठी रंजक आहे. १८२६ साली ब्लूम या शास्त्रज्ञाने या गटाला ‘स्ट्रोबिलँथिस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो शंकूसारखे फूल, कारण कळ्यांचे झुपके शंकूसारखे दिसतात. पुढे १८३२ साली नेस फॉन एसेनबेक या जर्मन पंडिताने आपल्या कारवीला ‘स्ट्रोबिलँथिस कॅलोसा’ म्हटले. कॅलोसा म्हणजे घट्टे पडलेली. या गृहस्थाने सह्याद्री कधी पाहिला नव्हता. हिंदुस्थानातून गेलेले वाळके नमुने पुढ्यात घेऊन त्याने हे बारसे केले.

१९४४ साली ब्रेमेकांप या डच शास्त्रज्ञाने या मोठ्या एकत्र कुटुंबाच्या वाटण्या केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांवरची नक्षी पाहून त्याने एका आडनावाची अनेक आडनावे केली, आणि आपल्या कारवीला जे नवे आडनाव मिळाले ते होते ‘कार्विया’! डोंगरातल्या बायाबापड्यांच्या तोंडचा शब्द असा थेट लॅटिनच्या पंगतीला जाऊन बसला. पण ते सुख टिकले नाही. २००२ साली कॅरीन आणि स्कॉटलंड या शास्त्रज्ञांनी साऱ्या गटाची फेरतपासणी करून दाखवले की या वाटण्या निसर्गातल्या नात्यांशी जुळत नाहीत; तेव्हा एकच मोठी प्रजाती ठेवावी हे बरे. कारवी पुन्हा स्ट्रोबिलँथिस झाली. तरी काही पुस्तकांतून आणि फलकांवरून ‘कार्विया’ अजून भेटते, म्हणून हा खुलासा.

इतका घोळ व्हावा का? त्याला एक कारण खुद्द झाडातच आहे. शास्त्रज्ञाला ओळख पटवायला फूल लागते, आणि कारवी फूल दाखवते आयुष्यात एकदाच. नमुने गोळा करणारा चुकीच्या वर्षी डोंगरावर आला तर त्याच्या हाती नुसती पाने लागतात. गावच्या माणसाला ही अडचण नाही. तो कारवीला काठीवरून ओळखतो, पानावरून ओळखतो, अंधारात हात लावूनही ओळखतो.

‘कारवी सात वर्षांनी फुलते’ असे सर्रास म्हणतात. हिशेब नीट मांडला तर सात पावसाळे ती नुसती पाने धरते आणि आठव्या पावसाळ्यात फुलते. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. प्रत्येक डोंगराचे साल मात्र आपापले असते. तेव्हा मुंबईचे गणित हरिश्चंद्रगडाला लावू नये. पाचनईच्या वाटाड्याला विचारावे. केरळातल्या मुन्नारची नीलकुरिंजी ही कारवीची बहीण त्याहून सबुरीची: ती बारा वर्षे थांबते. तिचा बहर २००६ साली आला, नंतर २०१८ साली.

साल आले की भाद्रपदाच्या आसपास सगळा उतार एकदम निळा-जांभळा होतो. मधमाश्यांची झुंबड उडते. एकाच वेळी सगळ्यांनी फुलण्यात शहाणपण आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. बी खाणाऱ्या किड्यापाखरांनी कितीही खाल्ले तरी एवढे बी एका वर्षी संपत नाही, काही उरतेच. फुलून झाले की झुडूप वाळते, मरते. बोंडे मात्र वाळक्या काठ्यांवर तशीच राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात तडतड फुटतात. त्या बियांतून पुन्हा नवी कारवी.

म्हणजे संपूर्ण डोंगराची पिढी एका वयाची, आणि तिला बी धरण्याची संधी एकच. आंब्याचा मोहर एका साली गळला तर पुढच्या साली येतो. कारवीला पुढचे साल नाही. फुलोऱ्यात छायाचित्रासाठी आडवे-तिडवे तुडवले, फांद्या मोडून मोटारीत भरल्या, किंवा बोंडे वाळत असताना उन्हाळ्यात वणवा लागला, तर आठ वर्षांची पुंजी एका ऋतूत बुडते. मग उताराची माती धरायला कोण उरणार? ती माती खाली प्रवरेत जाते आणि प्रवरेतून भंडारदऱ्याच्या जलाशयात येऊन बसते. ज्या पाण्यावर खालचा ऊस उभा आहे, त्या पाण्याची राखण वर ही बिनकामाची वाटणारी झुडपे करीत आहेत.

तेव्हा फुलोऱ्याचे साल साधून मुलाबाळांसह अवश्य जा. पायवाट सोडू नका, फूल झाडावरच पाहा. आणि जमले तर पुढच्या वर्षी ज्येष्ठात, पहिल्या सरीच्या वेळी, पुन्हा एकदा या. त्या दिवसांत डोंगरावर गर्दी नसते, रंगही नसतो. वाळक्या काठ्या तेवढ्या दिसतात. थोडे थांबा आणि कान द्या.