चेंबर

मी बी. कॉम. आहे. त्यामुळे ‘चेंबर’ म्हटले की मला आधी चेंबर ऑफ कॉमर्स आठवते. नोकरीला लागल्यावर कळले की मॅनेजरसाहेब ज्या खोलीत बोलावून घेतात तिलाही चेंबर म्हणतात, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहायचे नसते. पुढे सावेडीला राहायला गेल्यावर रस्त्यातल्या चेंबरची ओळख झाली. चौथे चेंबर मात्र आमच्या साडूंनी दाखवले, तेही जीपखाली गोणपाटावर मला उताणे निजवून.

मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचे जे पत्र्याचे भांडे असते त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. तेल इंजिनातून फिरून, तापून, काळे होऊन त्यात उतरते आणि पंप ते पुन्हा वर ओढतो. रोकड तिजोरीतून काउंटरवर आणि काउंटरवरून तिजोरीत, तसेच. फरक इतकाच की आमच्याकडे रोकड कमी पडली तर फक्त कॅशियरला घाम फुटतो. तिथे तेल कमी पडले तर इंजिन जागच्या जागी धरते आणि मग ते भंगाराच्या भावाने जाते.

साडू पाथर्डी तालुक्यातले, तिसगावच्या बाजूचे. दूध गोळा करून डेअरीला पोचवतात. जीप त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिचे इंजिन धुराड्यासारखे धूर सोडू लागले तेव्हा साडूंनी दुसऱ्या मॉडेलचे जुने डिझेल इंजिन घ्यायचे ठरवले. त्यासाठी मोडलेली मुदत ठेव ताईंच्या नावावर होती (ताई म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण), मुलीच्या होस्टेलच्या फीसाठी ठेवलेली. मुदतपूर्व मोडल्याबद्दल व्याज किती कापले जाईल ते मीच काउंटरवरून ताईंना सांगितले. त्यांनी सही केली आणि एवढेच विचारले, “भावजी, हे इंजिन तरी टिकंल ना?” बँकेत असल्या प्रश्नाला छापील फॉर्म नाही.

साडूंचे चिरंजीव मेकॅनिकलचा डिप्लोमा करतात. इंजिन बदलणे हा त्यांच्या मोबाईलमधला मुख्य विषय. “काका, हे जुनं डिझेल काय बसवता? लोक रोटरी बसवतात रोटरी! त्यात पिस्टनच नसतो.” मी म्हटले, मग असते काय? तेव्हा त्यांनी जे दाखवले ते असे : दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग घ्या, मधे किंचित आवळलेली. तिच्यात सामोशासारखा तिकोनी गोळा गरगर फिरतो. सामोशाची तिन्ही टोके शेंगेच्या भिंतीला सतत घासत राहतात आणि मधल्या पोकळ्यांत पेट्रोल पेटत राहते. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन गृहस्थांची ही कल्पना. तिचे पहिले इंजिन 1957 साली चालले. टोकांच्या पट्ट्या झिजून पुष्कळांना ते महागात पडले. जपानच्या माझ्दा कंपनीने मात्र नेट लावला, 1967 मध्ये ‘कॉस्मो’ गाडीत ते बसवले आणि 1991 ची ल मां शर्यत त्याच्या जोरावर जिंकली.

मला वाटले, हे सगळे परदेशातले. पण चिरंजीवांनी इथे मला गाठले. नगरचे रोटरी इंजिन तर आमच्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर निघाले! नगरजवळच्या व्ही.आर.डी.ई.ने, म्हणजे संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने, त्यात हात घातला होता. ‘निशांत’ नावाचे बिनवैमानिकाचे विमान होते. त्याला परदेशी वांकेल इंजिन असायचे. ते काढून देशी बसवायचे ठरले. गाभा बंगळूरच्या एन.ए.एल.ने केला, ठिणगीची आणि इंधनाची व्यवस्था नगरच्या संस्थेने केली. वजन साधारण 30 किलो, ताकद 55 अश्वशक्तीची. 5 एप्रिल 2009 रोजी, रविवारी, कोलारच्या धावपट्टीजवळ निशांत या इंजिनावर उडाले आणि सुमारे चाळीस मिनिटे आकाशात राहिले. म्हणजे इंजिन बदलायचा नाद आमच्या जिल्ह्याला सरकारी पातळीवरून आहे. जिल्ह्याचे नाव 2024 साली बदलून अहिल्यानगर झाले, त्यातही आमची सोयच झाली; आम्ही आधीही ‘नगर’ म्हणत होतो, आताही ‘नगर’च म्हणतो.

मिस्त्रींनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “त्याचं चेंबर कुठं बसतं?”

चिरंजीव गडबडले. मोबाईलमध्ये शोधल्यावर कळले की रोटरी गाडीवाल्यांची खरी रड तिथेच आहे. ते इंजिन एकसंध नसते. पाच थर एकावर एक लावून लांब बोल्टांनी आवळलेले असतात, आणि चेंबर नेमके त्या सगळ्या सांध्यांखाली बसते. त्यामुळे ते गळते. शिवाय दुसऱ्याच गाडीत इंजिन घातले की चेंबरचा खोलगट भाग तिथल्या आडव्या दांडीवर आपटतो. म्हणून लोक बाजारातून तयार, वेगळ्या घाटाचे चेंबर आणतात आणि मग ते बसवता बसवता रडतात.

“मंग आपलं बी तेच,” मिस्त्री म्हणाले. “साहेब, इंजिन कुनीबी बसवील. चेंबर बसवायला कळ लागती.”

परवानगीचे कागद परिवहन कार्यालयातून साडूंनी आधीच आणले होते. चिंचेच्या फांदीला चेन-पुली बांधून इंजिन दिवसाउजेडी खाली उतरले आणि पुढच्या एक्सलवर चेंबरचा खोलगा जवळजवळ टेकला. उभ्या गाडीत दोन बोटे जागा दिसत होती. पण गाडी खड्ड्यात गेली की एक्सल वर उचलला जातो, तेव्हाची जागा कशी मोजायची? मिस्त्रींनी ताईंकडे पीठ मागितले. ताईंनी बाजरीचे मळून दिले. ते एक्सलवर थापताच भेगाळले. मग गव्हाची कणीक आली. ती एक्सलवर लावून चौघांनी जीपच्या पुढच्या भागावर बसून उड्या मारल्या. मीही मारल्या, वजनाच्या दृष्टीने माझी मागणी होती. कणकेवर चेंबरचा ठसा इतका स्वच्छ उमटला की आमच्या बँकेतले अंगठ्याचे ठसे त्यापुढे फिके.

तयार चेंबर मुंबईहून कुर्ल्याच्या बाजारातून आले. विकणाऱ्याने ‘सगळ्याला बसतं’ असे सांगितले होते. खोलगा आता मागे गेला होता, एक्सल मोकळा. पण काठाचा पत्रा पातळ आणि किंचित वाकडा. मिस्त्रींनी तो फरशीवर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू सरळ केला, मधूनमधून खालून उजेड दिसतो का ते पाहत. तेल ओढणारी जाळीही मागे सरकवावी लागली. ती तळाला चिकटली तर तेल ओढत नाही आणि फार वर राहिली तर घाटात वारा ओढते. काळे सोल्यूशन लावताना चिरंजीवांनी सढळ हात सुरू केला तेव्हा मिस्त्री ओरडलेच. जास्तीचे सोल्यूशन आत दबते, तुटते आणि जाऊन जाळी बुजवते. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळले. तेल मापाने ओतले आणि, चेंबरचा घाट बदलल्यामुळे, तेल मोजायच्या काडीवर कानशीने नवी खूण केली. मला हे फार पटले. आमच्याकडे शाखा बदलली तरी जुन्याच काडीने मोजतात.

रात्री सोल्यूशन वाळू दिले. सकाळी करंजी घाट. दुधाचे कॅन पाणी भरून लादले होते. प्रत्येक वळणाला साडू रस्त्याकडे आणि मी तेलाच्या लाल दिव्याकडे पाहत होतो. ताईही हट्टाने मागे बसल्या होत्या, एक शब्द न बोलता. दिवा लागला नाही. घरी आल्यावर जीपखाली वर्तमानपत्र पसरले.

दुसऱ्या दिवशी त्यावर एक थेंब होता. पाचजण ओणवे होऊन तो पाहत राहिलो. मिस्त्रींनी बोटाला लावून चोळला. “हे आपलं न्हाई. वरच्या पत्र्याला लागलेलं जुनं उतरतंय.” कुणाचाच विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी कागद कोरा होता, चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी ताईंनी कागद उचलून घडी केला आणि कपाटात पसरायला नेला. साडू आता महिन्याला थोडे थोडे आवर्ती ठेवीत टाकतात. पासबुक ताईंकडे असते.

चिरंजीव मात्र अजून स्वस्थ नाहीत. माझ्या वडिलांची लूना आमच्या जिन्याखाली आहे. नगरच्या कायनेटिकची, 1972 पासून जी निघू लागली त्या घराण्यातली. परवा ते टेप घेऊन तिची मापे घेत होते. मी म्हटले, “अरे, ही टू-स्ट्रोक. हिचं तेल पेट्रोलातच घालतात. हिला चेंबरच नाही!”

“म्हणूनच तर काका,” ते म्हणाले, “अर्धं काम आधीच झालंय.”

लूनाची किल्ली तेव्हापासून माझ्या शर्टाच्या खिशात आहे.